मॅरेथॉन पळून घरी आल्यावर

संक्रांत झाली की आठवड्याच्या आत मुंबईची मॅरेथॉन येते. २००४ साली ही शर्यत सुरू झाली आणि करोनाच्या साथीत पडलेला खंड सोडला, तर जानेवारीचा तिसरा रविवार तिने आपलासा करून टाकला आहे. पहाटेच्या अंधारात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हजारो माणसे निघतात. त्यांत शहरातले नोकरदार असतात, तशी गावाकडची मुलेमुलीही असतात. ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर! गळ्यात पदक पडते, फोटो निघतो आणि रात्रीच्या एस.टी.ने माणूस गावी परततो.

शर्यतीआधी काय करावे हे सांगणारे गावोगाव भेटतात. पहाटे किती वाजता उठावे, बूट कोणते घ्यावेत, सगळे सांगतात. शर्यतीनंतरच्या तीन आठवड्यांविषयी मात्र कोणी बोलत नाही, आणि पहिल्यांदा पळणाऱ्या पुष्कळांचे नुकसान होते ते याच दिवसांत. म्हणून आजचे बोलणे त्या दिवसांविषयी. पळणाऱ्यांनी तर ते ऐकावेच, पण त्यांच्या घरच्यांनी आणि शाळेतल्या गुरुजींनीही ऐकावे.

या शर्यतीची मूळ कथा तुम्ही ऐकली असेल. मॅरेथॉनच्या रणांगणावरून एक ग्रीक दूत अथेन्सपर्यंत धावत आला, विजयाची वार्ता सांगितली आणि कोसळून मेला. ही कथा मागाहून रचलेली दिसते. त्या युद्धाची हकीकत लिहिणाऱ्या हिरोडोटसच्या ग्रंथात ती नाही. पण तिने एक खोड लावून ठेवली आहे. गोष्टीतला धावपटू पोहोचताक्षणी मेला, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याचे पाय दुखले का, त्याने काय खाल्ले, हा प्रश्नच उरला नाही! आपल्या धावपटूला मात्र दुसऱ्या दिवशी उठायचे असते, जिना उतरायचा असतो, आणि बहुधा उसाला पाणीही द्यायचे असते.

आपल्याकडची माणसे ही शर्यत आज पळू लागली आहेत असेही नाही बरं का. १९२० साली बेल्जममधल्या अँटवर्प येथे ऑलिम्पिक झाले, तेव्हा बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या वर्षीची वाट नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. आजचे ४२.१९५ किलोमीटरचे अंतर १९०८ सालच्या लंडन ऑलिम्पिकमध्ये प्रथम आले आणि १९२१ साली ते कायमचे ठरले. असो.

आता शरीरात काय होते ते पाहू. आपण भाकरी खातो, भात खातो, त्यातली साखर शरीर साठवून ठेवते. थोडी यकृतात, बरीचशी स्नायूंत. धान्याची कणगीच समजा. ही कणगी काही मोठी नसते, सगळी मिळून अर्धा किलोच्या आसपास. साठ किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर पळायला साधारण साठ कॅलरी लागतात. म्हणजे पूर्ण शर्यतीला अडीच हजार झाल्या. कणगीत असतात दोन हजारांच्या घरात. म्हणून तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास पाय एकाएकी शिशाचे झाल्यासारखे वाटतात. पुढचे अंतर माणूस अंगातली चरबी जाळत आणि मनाच्या जोरावर काढतो. शर्यत संपते तेव्हा कणगी तळाला गेलेली असते. ती पुन्हा भरायला पोटभर जेवूनही एक ते तीन दिवस लागतात.

दुसरी गोष्ट स्नायूंची. प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढच्या स्नायूला दोन कामे करावी लागतात: अंग पुढे ढकलायचे आणि खाली येणारे अंग तोलून धरायचे. यातले दुसरे काम जास्त जाचक. भरलेली बैलगाडी उतारावरून नेताना बैल जू मानेवर घेऊन गाडी मागे रेटून धरतात, तेव्हा चढापेक्षाही त्यांचे हाल होतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. तसेच हे. हजारो वेळा अंग तोलून धरल्यामुळे स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक चिरा जातात. सूज येते. गंमत अशी की शर्यतीच्या दिवशी संध्याकाळी फारसे दुखत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणे शिगेला पोहोचते. जिना चढता येतो पण उतरता येत नाही, याचे कारण वर सांगितलेच. घरच्या मंडळींनी हसू नये. हसायचेच असेल तर हात धरून हसावे.

ही दुखापत आपली आपण भरून येते. तिला वेळ तेवढा द्यावा लागतो. शर्यत संपल्याबरोबर मटकन खाली बसू नका, दहा-पंधरा मिनिटे हळूहळू चालत राहा. एकदम थांबलात तर रक्त पायांत साचून घेरी येते. पाणी तहानेप्रमाणे प्या. नुसते साधे पाणी तांब्यामागून तांब्या रिचवले, तर रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस भ्रमिष्टासारखा करू लागतो, प्रसंगी जिवावर बेतते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, हे जुलाबावरचे पाणी इथेही उपयोगी पडते. एस.टी.त सात-आठ तास पाय मुडपून बसू नका. गाडी थांबेल तिथे उतरून चार पावले टाका. एकाच पायाची पोटरी सुजली आणि दुखू लागली, छातीत दुखले, किंवा लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर गावातले उपाय करीत न बसता सरळ दवाखाना गाठायचा. दुखणे थांबवण्याच्या गोळ्या त्या दिवशी मनानेच घेऊ नयेत, आधीच शिणलेल्या मूत्रपिंडावर त्यांचा भार पडतो. आणि आपल्याकडे लहान पोरांकडून पाय तुडवून घ्यायची जी रीत आहे, ती दोन-तीन दिवस बाजूला ठेवा. चिरा गेलेल्या स्नायूवर नाचून तो बरा होत नाही.

मग पळायचे कधी? पहिला आठवडा अजिबात नाही. चाला, सायकलवर बाजाराला जा, विहिरीत पोहा. दुसऱ्या आठवड्यात बरे वाटले तर एक दिवसाआड अर्धा तास रमतगमत. जुने धावपटू म्हणतात, एका मैलामागे एक दिवस. मैल सव्वीस, तर दिवसही सव्वीस. हे काही शास्त्र नव्हे, पण हिशेब वाईट नाही. तिळगूळ द्यायची मुदत रथसप्तमीपर्यंत असते. ती तिथी कधी शर्यतीनंतर आठवड्यातच येते, कधी महिनाभराने, म्हणून तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. पण विश्रांतीची कल्पना मनात धरायला ती बरी आहे.

इथे खरी अडचण उभी राहते. मॅरेथॉन होऊन पाच ते अकरा दिवसांत सव्वीस जानेवारी येते. शाळेत झेंडावंदन, प्रभातफेरी, मग गावाच्या शर्यती. मुंबईला पळून आलेला मुलगा गावात आहे म्हटल्यावर सरपंच म्हणतात, "आपला गडी पळालाच पाहिजे!" पोराला नाही म्हणवत नाही. अंगात पुरते बळ परतलेले नसते, स्नायू अर्धवट भरलेले असतात, आणि पाच किलोमीटरची शर्यत तो ईर्षेने पळतो. असल्या एका सकाळीत गुडघा किंवा घोटा दुखावतो, नाही तर नडगीचे हाड आतून चिरते. मग महिनेच्या महिने घरी बसणे आले. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाचे तर वर्ष जाते. भरतीला त्याला सोळाशे मीटर वेगाने पळायचे असते. बेचाळीस किलोमीटरचे पदक तिथे कोणी विचारीत नाही.

गुरुजी, हे तुमच्या हातात आहे. त्या मुलाला पळायला लावू नका, त्याच्या हाती शिट्टी द्या. शर्यत सोडायचा मान त्याचा. बक्षिसे त्याच्या हातून वाटा, पोरांसमोर दहा मिनिटे त्याला बोलू द्या. मान राहतो आणि गुडघाही राहतो.

आणखी एक. त्याचे पदक पाहून शाळेतली पोरे पेटून उठतात, चांगलेच आहे. पण लहान मुलांना लांब पल्ल्याला जुंपायचे नाही. २००६ साली ओडिशात एका चार वर्षांच्या मुलाला पुरीहून भुवनेश्वरकडे पासष्ट किलोमीटर पळवले होते. देशभर कौतुक झाले, मग डॉक्टरांनी तपासले आणि सरकारने त्याच्या अशा पळण्यावर बंदी घातली. मुंबईच्या पूर्ण शर्यतीला वयाची अठरा वर्षे लागतात, ती उगाच नाही. मुलांची हाडे वाढत असतात, तोवर खोखो, लंगडी, पाठशिवणी आणि शंभर-दोनशे मीटर हेच खरे.

पहिल्या मॅरेथॉननंतर मनाचेही काही होते, त्याविषयी माणसे सांगायला लाजतात. सहा महिने पहाटे चारला उठायचे एक कारण होते. ते रविवारी संपले. सोमवारी गावात सत्कार झाला. आणि बुधवारी माणूस उगाच चिडचिड करू लागतो, काहीच करावेसे वाटत नाही. लग्न लागून वऱ्हाड गेले की रिकामा मांडव कसा दिसतो? तसे मन होते. हा आजार नव्हे. आठ-पंधरा दिवसांत बहुधा जातो. महिना उलटला तरी झोप नाही, जेवणाची वासना नाही, असे झाले तर मात्र डॉक्टरांशी बोलावे. पुष्कळ जण या रितेपणावर उपाय म्हणून लगेच दुसऱ्या शर्यतीचे पैसे भरून टाकतात. तेवढे करू नका. पुढे काय, हा विचार तीन आठवड्यांनी.

आणि पुढचे पाऊल म्हणजे आणखी लांब पळणे, असेही नाही. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर पाहा. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे भारतीय महिलांत त्या पहिल्या आल्या. त्यानंतर त्यांनी नाव काढले ते तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत, म्हणजे मॅरेथॉनच्या चौदाव्या हिश्श्याच्या अंतरावर. आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. दुष्काळी माणातल्या मुलीने एवढे केले, त्यात विश्रांती केव्हा घ्यावी आणि वाट केव्हा बदलावी याचाही वाटा असणारच. ओघाने सांगतो, घरची सून किंवा लेक पळून आली असेल, तर दारात आल्या आल्या तिच्या डोक्यावर हंडा देऊ नका. मुलाला चार दिवस गादीवर बसवायचे आणि मुलीला लगेच चुलीपुढे, हा न्याय नव्हे.

आता सणासुदीची आणि खाण्याची गोष्ट, कारण मोसमच तसा आहे. जानेवारीत ज्वारी हुरड्याला आलेली असते. रानात आगटी पेटवावी, गोवऱ्यांच्या आरात कणसे भाजावीत, तळहातावर चोळून दाणे काढावेत, सोबत लसणीची नाही तर शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा आणि बोरे. रिकामी कणगी भरायला याहून आनंदाचा प्रकार मला ठाऊक नाही. पोरे पतंग उडवतात, कोणी उसाचे कांडे सोलून देतो, चार जण गोष्टी सांगतात. मांडवाचा रितेपणाही तिथेच निम्मा भरतो.

या हुरड्यात दुधाचा थेंब नाही हे तुमच्या ध्यानात आले का? हल्ली काही तरुण मंडळी मांस-मासे-अंडी तर सोडतातच, पण दूध, दही, तूप आणि मधही सोडतात. कोणी दयेपोटी सोडतो, कोणाला दूध पचतच नाही. इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४४ साली अशा आहाराला व्हेगन हे नाव दिले. आपण वनस्पत्याहार म्हणू. गावात याची थट्टा होते. "दूध न पिता पैलवान कसा होणार?" म्हणतात. स्कॉट ज्युरेक नावाच्या अमेरिकन धावपटूने १९९९ पासून २००५ पर्यंत सलग सात वर्षे कॅलिफोर्नियातली शंभर मैलांची डोंगरी शर्यत जिंकली, आणि त्यांतली बहुतेक वर्षे तो वनस्पत्याहारीच होता. तेव्हा थट्टेला अर्थ नाही. ज्यांच्या दावणीला म्हैस आहे त्यांनी रागावू नये. दूध वाईट आहे असे मी म्हणत नाही. दुधावाचून भागते, एवढेच म्हणतो. आणि खरे सांगायचे तर कित्येक घरांत दूध डेअरीला जाते आणि पोरांच्या वाट्याला कोरा चहा येतो. त्या घरांनी हा आहार निवडलेला नाही, तो त्यांच्यावर आलेला आहे. पुढचे बोलणे त्यांच्याही कामाचे आहे.

साठ किलोच्या माणसाला या दिवसांत रोज ऐंशी ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. हिशेब करू. पाव किलो बाजरीच्या पिठात सत्तावीस ग्रॅम. शंभर ग्रॅम डाळीत बावीस-तेवीस. साठ ग्रॅम शेंगदाण्यांत पंधरा. पन्नास ग्रॅम मटकीला मोड आणले तर अकरा. वर पंचवीस ग्रॅम तीळ, त्यांत साडेचार. झाले की ऐंशी! भाकरीत जे कमी ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते भाकरीत, म्हणून दोन्ही हवीत. एकाच घासात नसली तरी एकाच दिवसात. चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी, नाचणी आणि न सोललेले तीळ. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तिळांत हजाराच्याही घरात. त्यातले सगळे अंगी लागत नाही, तरी पुष्कळ लागते. लांब पळणाऱ्याच्या रक्तातले लोह कमी होते, मुलींचे अधिकच. बाजरी, हुलगे आणि पालेभाज्यांतले लोह अंगी लागायला आंबट हवे: लिंबू पिळा, आवळा खा, कच्चा टोमॅटो घ्या. जेवणावर लगेच चहा घेतला तर तो तेच लोह अडवतो. तासभर थांबावे.

एका गोष्टीत मात्र वनस्पती हात टेकतात. बी-१२ नावाचे जीवनसत्त्व झाडपाल्यात भरवशाने मिळत नाही. ते कमी पडले तर आधी थकवा येतो, मग हातापायांना मुंग्या, आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर मज्जातंतूंना कायमची इजा होते. दूधदुभते सोडणाऱ्याने, किंवा ते ज्याला मिळतच नाही त्याने, डॉक्टरांना विचारून त्याच्या गोळ्या घ्याव्यातच. यात मनाचा निश्चय, देशी उपाय, काही चालत नाही.

घरी पोहोचल्याच्या पहिल्या रात्री जड जेवण उतरत नाही. त्या वेळी हुलग्याचे माडगे करा. हुलगे खमंग भाजून दळलेले पीठ दोन मोठे चमचे, गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचे. दोन पेले पाणी गूळ घालून उकळायचे, त्यात हे कालवण ओतून ढवळत दहा मिनिटे शिजू द्यायचे, वर सुंठ आणि चिमूट मीठ. शिणल्या माणसाला माडगे द्यायचे हे आपल्या आज्यांना ठाऊकच होते. सोबत मऊ मुगाची खिचडी, तुपाऐवजी तेलाच्या लसणीच्या फोडणीची.

दुसऱ्या दिवशी भोगीची भाजी. भोगी होऊन गेली तरी हरकत नाही, या भाजीला मुहूर्त लागत नाही. वांगी, गाजर, पावट्याचे आणि ओल्या हरभऱ्याचे दाणे, घेवडा, मूठभर भिजवलेले शेंगदाणे, चार बोरे, असतील तर उसाचे करवे. तेलात मोहरी, हिंग, हळद. आधी दाणे परतायचे, कारण त्यांना वेळ लागतो. मग गाजर, घेवडा आणि बोरे, शेवटी वांगी. काळा मसाला, मीठ, चिंचेचा कोळ, गूळ. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवायची आणि उतरवायच्या आधी वाटीभर भाजलेल्या तिळांचे आणि दाण्यांचे कूट घालायचे. लोण्याने जो स्निग्धपणा येतो तो या कुटाने येतो. खाणाऱ्याला सांगितल्याशिवाय फरक कळत नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, जवसाची चटणी, कांदा. तिळगुळाच्या लाडवांतही तूप लागतेच असे नाही. चिक्कीच्या गुळाचा पाक करावा, त्याचा थेंब गार पाण्यात टाकला की टणक गोळी व्हावी. मग भाजलेले तीळ आणि दाण्याचे कूट घालून, हाताला पाणी लावून गरम असतानाच वळावेत. असे दोन लाडू खिशात टाकून संध्याकाळी फिरायला जावे.

पुन्हा पळायला लागायचा दिवस कोणता, हे शरीरच सांगते. जिना किंवा विहिरीच्या पायऱ्या कठडा न धरता उतरता आल्या पाहिजेत. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोटे ठेवून मिनिटभर नाडी मोजा. शर्यतीच्या महिनाभर आधीपासून मोजून वहीत लिहिली असेल तर उत्तमच. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त पडत असतील, तर शरीर अजून दुरुस्तीच्या कामात गुंतले आहे असे समजावे आणि त्या दिवशी बूट घालू नयेत.